"कॉल नंबर आणा म्हणाले आणि मी परत आले"

यावेळचं पत्र बीड जिल्ह्यातून पुण्यात शिकायला आलेल्या एका मुलीचं आहे, नाव छापू नका म्हणालीय. पत्र मोठं आहे, मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत देते.

"मॅडम, मी एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला आमच्या भागातला 1972 चा दुष्काळ हा विषय घेतलाय. लायब्ररीत काउंटरवर विचारलं दुष्काळावरची पुस्तकं कुठे आहेत, तर सर म्हणाले ओपॅकवर बघून कॉल नंबर आणा, रेफरन्स असेल तर इश्यू होणार नाही, जुनी पिरियॉडिकल्स बाउंड व्हॉल्यूममध्ये वरच्या मजल्यावर आहेत. मी हो सर म्हणाले आणि परत आले. मागे चार पोरं उभी होती, पुन्हा विचारायची लाज वाटली. तीन आठवडे झाले, नुसती अभ्यासिकेत बसून नोट्स वाचतेय. गाइड मॅडम म्हणतात शोधगंगा बघ, पिअर रिव्ह्यूड पेपर काढ, लिटरेचर रिव्ह्यू लिही. आमच्या कॉलेजला कुलूप लावलेली चार कपाटं होती, शिपाई काका पाहिजे ते पुस्तक काढून द्यायचे. हे शब्दच येत नाहीत तर मी एम.ए. करायच्या लायकीची आहे का? आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिच्यामुळे हा विषय घेतला."

प्रिय मुली,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. लायकीची आहेस. आजीच्या आयुष्यातून विषय काढून त्यासाठी लायब्ररीत गेलेली मुलगी अभ्यासाला नालायक कशी असेल? तुला फक्त त्या इमारतीची बोली येत नाहीये, आणि ती कुणालाच जन्मतः येत नाही.

मी कॉलेजच्या लायब्ररीत 31 वर्षं काम केलं आणि "हो सर" म्हणून परत जाणारी मुलं मी खूप पाहिलीत. चेहऱ्यावरून कळतं की याला काही समजलेलं नाहीये, पण रांग असते, फोन वाजत असतो, आणि मूल निघून जातं. यात चूक काउंटरच्या या बाजूची आहे असं मी कायम मानत आले. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं आहे, आणि तुझे तर तीन आठवडे गेले.

आता शब्द बघू, पण यादी देणार नाही, यादी पाठ होते आणि कपाटासमोर उभं राहिलं की विसरते. तुझाच विषय हातात धरून लायब्ररीत चालत जाऊ.

तुमच्या कॉलेजात शिपाई काका कुलूप काढून पुस्तक द्यायचे ना, त्या पद्धतीला क्लोज्ड ॲक्सेस म्हणतात, म्हणजे वाचक कपाटापर्यंत जात नाही, कर्मचारी पुस्तक आणून देतात. जगातल्या बहुतेक मोठ्या लायब्ररी आधी अशाच चालायच्या आणि कॉल नंबर हा शब्दही तिथूनच आलाय, वाचक काउंटरवर चिठ्ठी देऊन ज्या नंबरने पुस्तक मागवायचा तो कॉल नंबर. मराठीत त्याला बोधांक म्हणतात. म्हणजे त्या सरांनी तुझ्याकडे जे मागितलं ते तू काकांकडे तीन वर्षं करतच होतीस, फक्त तिथे नाव सांगून चालायचं कारण कपाटं चार होती, इथे पुस्तकं लाखात असतात म्हणून पत्ता लागतो.

तो पत्ता मिळतो ओपॅकवर. ओपॅक म्हणजे लायब्ररीत काय काय आहे याची कॉम्प्युटरवरची यादी, पूर्वी लाकडी खणांमध्ये कार्डं असायची तीच आता स्क्रीनवर आलीत. लायब्ररीत एखादा जुना कॉम्प्युटर त्यासाठीच ठेवलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तेच पान मोबाइलवर होस्टेलमधूनही उघडतं, लिंक लायब्ररीच्या वेबसाइटवर असते. एक लक्षात ठेव, ओपॅक म्हणजे गुगल नव्हे. तो पुस्तकाच्या आतलं काही शोधत नाही, फक्त नाव, लेखक, प्रकाशक, विषय एवढंच बघतो, त्यामुळे अख्खा प्रश्न टाइप केलास तर शून्य येणार आणि तुला वाटणार पुस्तकच नाही.

इथे मराठी मुलांचा सगळ्यात जास्त घोळ होतो आणि हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या बऱ्याच लायब्ररींमध्ये मराठी पुस्तकांची नोंद इंग्रजी अक्षरांत केलेली असते, कारण नोंदी झाल्या तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट चालत नव्हती. मग दुष्काळ हा शब्द कुणी एका 'ए'ने लिहिलाय, कुणी दोन 'ए'नी, कुणी शेवटी 'एल' तर कुणी 'एल-ए'. तू देवनागरीत शोधशील, काही येणार नाही, आणि पुस्तक तर तिथेच कपाटात असतं. म्हणून प्रत्येक शब्द तीन-चार प्रकारे टाकून बघायचा, एकदा देवनागरीत, एकदा दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगनी, आणि एकदा सरळ इंग्रजी शब्द, म्हणजे ड्रॉट, फॅमिन, स्कार्सिटी. स्कार्सिटी विसरू नकोस, सरकारी कागदांत दुष्काळ म्हणायच्या ऐवजी बऱ्याचदा टंचाई लिहिलेलं असतं. गावांच्या नावांचंही तसंच. बीडचं जुनं इंग्रजी स्पेलिंग बी-एच-आय-आर आहे, भीर, त्या स्पेलिंगने जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, सापडेल, नव्या स्पेलिंगने कदाचित नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव शोधताना औरंगाबाद, उस्मानाबाद टाकायचं, आणि 1948 च्या आधीचं काही हवं असेल तर हैदराबाद टाकायचं कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये नगर सापडतो, बीड सापडत नाही, त्याचं कारण हेच.

पुस्तक सापडलं की स्क्रीनवर दोन नंबर दिसतात आणि इथे पुन्हा घोटाळा. एक ॲक्सेशन नंबर, मराठीत दाखल क्रमांक. लायब्ररीत पुस्तक आलं की रजिस्टरमध्ये पुढचा आकडा टाकून नोंद होते, पहिलं पुस्तक 1, असं चढत्या क्रमाने. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाचही प्रतींचे दाखल क्रमांक वेगळे. हा नंबर हिशेबाचा, तुझ्या नावावर कुठली प्रत आहे ते कळायला. त्यावरून पुस्तक कुठे ठेवलंय ते कळत नाही. दुसरा कॉल नंबर, तो जागेचा. माझ्याकडे एक मुलगा दाखल क्रमांक लिहून घेऊन अख्खी दुपार कपाटांतून फिरला होता, शेवटी पाणी प्यायला आला तेव्हा हातातली चिठ्ठी मला दिसली. तेव्हापासून मी ओपॅकशेजारी एक कागद चिकटवला होता, टिंब असलेला नंबर लिहा.

कारण कॉल नंबरमध्ये बहुतेक ठिकाणी टिंब असतं. ही ड्यूई दशांश पद्धत, मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 मध्ये काढलेली. सगळं ज्ञान 0 ते 9 अशा दहा भागांत, त्याचे परत दहा, परत दहा, आणि बारीक जायचं असेल तर टिंबानंतर आकडे. 300 मध्ये समाजशास्त्रं, 900 मध्ये इतिहास-भूगोल, 954 म्हणजे भारताचा इतिहास. आणि आकड्यांखाली बहुधा लेखकाच्या आडनावाची तीन अक्षरं असतात.

टिंबानंतरचं वाचताना सावध राहा. 363.34929 हा नंबर 363.8 च्या आधी येतो. लांबलचक आहे म्हणून मोठा वाटतो, पण हे दशांश आहेत, 3 हा 8 च्या आधी, झालं. शाळेत शिकलेलं गणित आहे पण कपाटासमोर भल्याभल्यांचं चुकतं, आणि पुस्तक सापडलं नाही म्हणून मुलं परत जातात.

हे दोन नंबर मी उगीच नाही घेतले. 363.34 पासून आपत्तींची पुस्तकं सुरू होतात आणि 363.8 ला अन्नपुरवठा आणि अन्नटंचाई. पण तुझा विषय एवढ्यावर मावत नाही. रोजगार हमीवरचं पुस्तक 331 ला असू शकतं कारण तो मजुरीचा प्रश्न, शेती कशी बुडाली ते 338.1 ला, पाऊस का पडला नाही ते 551 ला म्हणजे वेगळ्याच, विज्ञानाच्या कपाटात, राजकारण 320 मध्ये किंवा 954 मध्ये, आणि दुष्काळावरच्या मराठी कादंबऱ्या 891.463 ला. एकच दुष्काळ, सहा-सात कपाटं. मला विचारशील तर लायब्ररीचे सगळे शब्द एका बाजूला आणि ही गोष्ट एका बाजूला, हे ज्याला कळलं त्याला लायब्ररी कळली. म्हणून एक चांगलं पुस्तक सापडलं की ओपॅकवर त्याच्या नोंदीत सब्जेक्ट असं लिहिलेलं असतं त्यावर क्लिक कर, त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात, मग ती कुठल्याही कपाटात असोत. आणि त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची आठ-दहा पुस्तकं हातात घेऊन बघ.

मराठी साहित्य 891.46 ला का, असं मुलं विचारायची आणि ते विचारायलाच पाहिजे. इंग्रजी साहित्याला ड्यूईने 820 ते 829 अशी पूर्ण जागा दिली, आणि मराठीसारख्या भाषेला उरलेल्या भाषांच्या गठ्ठ्यात, टिंबाच्या पलीकडे. हे नकाशे दूर कुठेतरी, त्यांच्या सोयीने काढलेत, त्यामुळे इथे आपल्याला वाट चुकल्यासारखं वाटलं तर त्यात आपली काही चूक नाही. काही लायब्ररींमध्ये रंगनाथनांची कोलन पद्धत असते, तिथे नंबरात अक्षरंही येतात. तसं दिसलं तर सरळ विचार.

आता रेफरन्स. या एका शब्दाला लायब्ररीत तीन कामं आहेत. पहिलं, रेफरन्स बुक म्हणजे संदर्भग्रंथ, कोश, गॅझेटियर, ॲटलास, जे सलग वाचायचं नसतं, तेवढी माहिती बघून परत ठेवायचं असतं म्हणून ते घरी देत नाहीत. सर म्हणाले इश्यू होणार नाही, ते याबद्दल. ओपॅकवर त्याच्यापुढे नॉट फॉर लोन लिहिलेलं असतं. तिथेच बसून नोट्स काढायच्या किंवा परवानगी घेऊन पानांचे फोटो. दुसरं, रेफरन्स सेक्शन किंवा रेफरन्स डेस्क, म्हणजे जिथे बसलेल्या माणसाचं कामच तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधून देणं आहे. देवघेव काउंटरवरचे सर वेगळे आणि हे वेगळे, तू बहुतेक देवघेवीच्या रांगेत उभी राहून रेफरन्सचा प्रश्न विचारलास, म्हणून तुला तुटक उत्तर मिळालं. तिसरं, गाइड मॅडम म्हणतील रेफरन्स दे, तेव्हा त्यांना प्रोजेक्टच्या शेवटची यादी हवी असते, कुठली माहिती कुठून घेतली त्याची.

असाच दुसरा शब्द ओपन ॲक्सेस. लायब्ररीत पाटी असेल तर अर्थ असा की तू स्वतः कपाटांत फिरून पुस्तक काढू शकतेस. इंटरनेटवर हाच शब्द दिसला तर अर्थ, लेख पैसे न भरता वाचता येतो. आणि रिझर्व्ह. कधी त्याचा अर्थ दुसऱ्याकडे गेलेलं पुस्तक परत आलं की आपल्याला मिळावं म्हणून नाव लावणं, कधी अर्थ अभ्यासक्रमाची पुस्तकं वेगळी काढून फक्त रात्रभर देणं. शब्द कळला नाही असं वाटेल तेव्हा बऱ्याचदा तो कळलेला असतो पण भलत्या अर्थाने. तेव्हा "कुठलं रेफरन्स म्हणताय सर?" असं विचारायला काही हरकत नाही, आम्ही ग्रंथपालही एकमेकांना विचारतो.

रेफरन्समधलं तुझ्या कामाचं म्हणजे बीडचं जिल्हा गॅझेटियर, शेती, पाऊस, रस्ते, सगळं एका जागी. आणि 1971 च्या जनगणनेचं जिल्हा हँडबुक, हे बहुधा गव्हर्नमेंट पब्लिकेशन म्हणून वेगळ्या कपाटात असतं. त्यात गाववार आकडे असतात. दुष्काळाच्या जेमतेम एक वर्ष आधी आजीच्या गावात किती माणसं होती ते तिथे मिळेल.

वरच्या मजल्यावरची पिरियॉडिकल्स म्हणजे नियतकालिकं, साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक, आणि त्यातलीच संशोधनाची ती जर्नल्स. वर्षभराचे अंक एकत्र बांधून पुठ्ठा घातला की बाउंड व्हॉल्यूम. व्हॉल्यूम म्हणजे खंड, साधारण एका वर्षाचा, आणि इश्यू म्हणजे अंक. इथे इश्यूचा पुस्तक घरी नेण्याशी संबंध नाही, हाही तसलाच दुहेरी शब्द. तुझ्यासाठी तिथे खजिना आहे. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली हे मुंबईचं साप्ताहिक 1966 पासून या नावाने निघतंय, त्यामुळे 1973 चा खंड 8. त्या वर्षीचे अंक काढ, दुष्काळ चालू असताना लोक काय लिहीत होते ते तुला त्याच आठवड्याच्या पानावर वाचायला मिळेल. वर बाउंड व्हॉल्यूम नसेल तर जेस्टोर नावाच्या डेटाबेसवर जुने अंक आहेत. डेटाबेस म्हणजे हजारो लेखांचं ऑनलाइन कपाट, त्याची वर्गणी लायब्ररी भरते म्हणून कॅम्पसच्या नेटवर उघडतं आणि होस्टेलवर पैसे मागतं. स्वतः पैसे भरू नकोस. रिमोट ॲक्सेस आहे का विचार, म्हणजे बाहेरून वापरायचं लॉगिन. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, त्यात 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी विद्यापीठांना आणि कॉलेजांना खुली आहेत, तुमचं त्यात येतं का हेही विचारून घे.

शोधगंगा सगळ्यात सोपं. देशभरातल्या पीएच.डी.च्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा, लॉगिन नाही, पैसे नाहीत, एकेक प्रकरण पीडीएफमध्ये उघडतं. तो चालवणारं इन्फ्लिबनेट हे केंद्र आता गांधीनगरला आहे, पण 1991 मध्ये ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झालं. माझी एक युक्ती घे, प्रबंध उघडलास की आधी शेवटची संदर्भसूची वाच. दुष्काळावर पीएच.डी. केलेल्या माणसाने चार-पाच वर्षं घालून ती यादी जमवलेली असते, त्यातली पंधरा नावं उचल आणि ओपॅकवर टाक. मग दुसरं प्रकरण उघड, तिथे बहुतेक वेळा आधी कोणी काय लिहिलंय आणि काय राहून गेलंय याचा आढावा असतो, तोच लिटरेचर रिव्ह्यू. लिटरेचर म्हणजे इथे कथा-कविता नव्हे, विषयावरचं आधीचं सगळं लिखाण. नमुना समोर असला की लिहायला जमतं.

पिअर रिव्ह्यूड म्हणजे लेख छापायच्या आधी त्याच विषयातल्या दुसऱ्या अभ्यासकांनी तपासलेला. एवढंच. आणि नो ड्यूज, फाइन, रिन्यू हे तुला कळतंच, फक्त पुस्तक मुदत संपायच्या आदल्या दिवशी रिन्यू करत जा.

सोमवारी सकाळी लायब्ररी उघडल्या उघडल्या जा, तेव्हा रांग नसते. रेफरन्स डेस्क कुठे ते विचार आणि तिथे हे असंच्या असं म्हण: "मी एम.ए. इतिहासची आहे, 1972 च्या दुष्काळावर, बीड जिल्ह्यावर काम करतेय, मला ओपॅक वापरून बघायचंय, पहिल्यांदाच करतेय, पाच मिनिटं शेजारी थांबाल का?" विषय, वर्ष, जिल्हा सांगितलास की ग्रंथपालाला धागा मिळतो. नुसतं दुष्काळावरचं काही आहे का म्हटलं की त्यालाही कळत नाही कुठून सुरुवात करू. आणि खरं सांगते, असा प्रश्न आला की आमचा दिवस चांगला जातो.

शेवटचा एक शब्द, तुला अजून कुणी सांगितलेला नाही पण सांगणार आहेत. प्रायमरी सोर्स, प्राथमिक साधन. त्या काळात तिथे असलेल्यांनी मागे ठेवलेलं ते प्राथमिक, म्हणजे हजेरीपट, सरकारी अहवाल, तेव्हाची वर्तमानपत्रं, पत्रं, आणि प्रत्यक्ष जगलेल्यांचं सांगणं, त्यावरून नंतर कुणी अभ्यास करून लिहिलं ते दुय्यम. तुझी आजी खडी फोडायला जायची. मजुरी किती मिळायची, कुठल्या कामावर, पाझर तलाव की रस्ता, मिलो ज्वारीच्या भाकरी कशा लागायच्या, सुकडी, म्हणजे दुष्काळी कामांवर मिळणारं कोरडं खाणं, कोण वाटायचं, लहान पोरं कुणाजवळ ठेवायची, हे तुमच्या लायब्ररीतल्या एकाही कॉल नंबरवर तिच्या तोंडून मिळणार नाही. मौखिक इतिहास म्हणतात त्याला, आणि तो इतिहासाच्या अभ्यासात रीतसर मान्य आहे. पुढच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा फोनवर रेकॉर्ड कर, सुरुवातीलाच तारीख, गाव आणि आजीचं पूर्ण नाव बोलून घे, मध्ये मध्ये तिला तोडू नकोस, आणि प्रोजेक्टमध्ये नाव लिहिलेलं चालेल का ते तिलाच विचार.